बायपासनंतर पोटात गुबारा आणि रिपोर्टात सगळं लाल

वाचकाचं पत्र: मी सोलापूरची, वय ४३. सात महिन्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्नाची वाट वळवणारी वजन उतरवायची शस्त्रक्रिया, झाली. वजन ११६ किलोवरून ८४ वर आलं, इन्सुलिन सुटलं. पण गेले तीन महिने संध्याकाळपर्यंत पोट डब्ब होतं आणि वारा सरला की इतकी दुर्गंधी, की चार माणसांत बसायची चोरी. घरात माळ आहे, त्यामुळे अंडीसुद्धा नाहीत. प्रोटीन पावडरवर भागवते. कुणीतरी सुचवलं म्हणून शौचाची ‘मायक्रोबायोम’, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची, तपासणी करून घेतली. त्यात ‘प्रोटिओबॅक्टेरिया जास्त’ लाल रंगात, स्कोअर ‘खराब’, आणि सोबत तीन महिन्यांच्या कॅप्सूल व हिरव्या ज्यूसच्या ‘रीसेट प्लॅन’चा आग्रह. ऑपरेशनने माझे चांगले जिवाणू मेले का? माझ्या नणंदेलाही मधुमेह आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३४. ती विचारते, ऑपरेशनऐवजी जिवाणूंच्या कॅप्सूल घेऊन चालणार नाही का?

ताई, कॅप्सूलचे पैसे तूर्त देऊ नका, आणि हिरवा ज्यूस तर मुळीच सुरू करू नका. ज्यूसचं कारण पुढे येईलच.

आधी त्या लाल रंगाचं बघू. रिपोर्ट खोटा असेल असं नाही, पण त्यातली तुलना चुकीच्या माणसांशी आहे. ज्यांच्या पोटाला सुरी लागलेली नाही अशांच्या सरासरीशी तुमचे आकडे ताडून पाहिलेत. बायपास झालेल्या जवळजवळ कुणाचाही नमुना तिथे पाठवला तरी प्रोटिओबॅक्टेरियाच्या रकान्यात साधारण असंच दिसेल. एश्चेरिशिया, क्लेब्सिएला यांसारख्या जिवाणूंचा हा गट शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन महिन्यांतच वाढतो. २००९ पासूनच्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो वाढलाय म्हणून रोग झालाय, असा त्याचा अर्थ होत नाही.

तो का वाढतो, हे वरण-भाताच्या एका घासामागे गेलं की कळतं. पूर्वी तो घास लिटर-दीड लिटर मावेल अशा जठरात पडायचा, तिथल्या कडक आम्लात तासन्‌तास घुसळला जायचा, आणि तोंडातून बरोबर आलेले बहुतेक जिवाणू तिथेच संपायचे. आता तो सुमारे ३० मिलीच्या, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढ्या पिशवीत पडतो. तिच्यात आम्ल फारच थोडं असतं. काही मिनिटांत घास थेट लहान आतड्यात उतरतो. तिथेही पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लगेच भेटत नाही. ते दुसऱ्या फाट्याने येतात आणि साधारण सव्वा-दीड मीटर खाली गेल्यावर घासाला मिळतात. त्यामुळे तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस, व्हेइलोनेला जिवंत खाली पोचतात, गिळलेल्या हवेतला थोडा प्राणवायूही पूर्वीपेक्षा पुढे जातो, आणि अर्धवट पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यापर्यंत येतात. प्राणवायू चालणाऱ्या, प्रथिनांवर जगणाऱ्या जिवाणूंना असं घर मानवतं. तुमचे जिवाणू मेले नाहीत. घराची रचना बदलली, तशी वस्ती बदलली.

आणि ही वस्ती सगळीच वाईट नाही. आतड्याच्या बुळबुळीत अस्तरावर जगणारा अ‍ॅकरमॅन्सिया नावाचा जिवाणू बायपासनंतर बहुधा वाढतो, आणि चयापचयाच्या दृष्टीने तो चांगल्यांत मोजला जातो. तुमच्या रिपोर्टात त्याचा आकडा शोधून पाहा. तो हिरवा असला तरी विकणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं नसेल. बदल टिकतोही. स्वीडनमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेला नऊ वर्षं उलटलेल्या स्त्रियांचे जिवाणू तपासले, तेव्हाही फरक कायम होता. मात्र शस्त्रक्रियेने सगळं दुरुस्त होतं असंही नाही. फ्रान्समधल्या २०१९ च्या अभ्यासात तीव्र स्थूलता असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांत जिवाणूंची विविधता आधीपासूनच कमी होती. शस्त्रक्रियेनंतर ती वाढली, पण बहुतेकांत पुरती भरून आली नाही. तेव्हा ‘विविधता कमी’ हा शेराही एकट्या ऑपरेशनच्या माथी मारता येत नाही.

आता मूळ दुखणं, गॅस. दुर्गंधी येते ती गंधकाच्या वायूंची, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडची. प्रथिनं न पचता खाली गेली की जिवाणू ती कुजवतात आणि हा वायू सुटतो. दुर्गंधी नसलेला पण फुगवणारा गॅस बहुधा साखरेच्या जातीच्या पदार्थांचा असतो. तुम्हाला दोन्ही होतंय, म्हणून संशयितही दोन बाजूंचे.

पहिला संशय तुमच्या पावडरवर. डब्यावर ‘व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) कॉन्सन्ट्रेट’ लिहिलंय की ‘आयसोलेट’, ते पाहा. कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्यापैकी उरलेलं असतं, आयसोलेटमध्ये नावापुरतं. बायपासनंतर अन्न आतड्यात एवढ्या वेगाने उतरतं, की पूर्वी ग्लासभर दूध सहज पचवणाऱ्यांनाही आता ते झेपत नाही. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा: आयएनएस (पदार्थात घातलेल्या द्रव्याचा क्रमांक) ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ९६७ म्हणजे झायलिटॉल. ही गोडवा आणणारी द्रव्यं आतडं नीट शोषत नाही, जिवाणूंना मात्र मेजवानी मिळते. प्रोटीन बार, ‘शुगर-फ्री’ मिठाई, च्युइंग गम, खोकल्याची साखरविरहित औषधं, सगळ्यांत ती सापडतात. ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी फायबर’ लिहिलेलं दिसलं तर तेही तात्पुरतं बंद.

पावडर एका वेळी किती घेता, हे पत्रात नाही. सकाळी दोन स्कूप एकदम ढवळून दिवसाचं काम उरकायची सवय अनेकांना असते. एका बैठकीला २५-३० ग्रॅमच्या वर प्रथिन नको. वरचं बरंचसं खालच्या वस्तीला जातं. दिवसाला किमान ६० ग्रॅम हवं, ते माळकरी घरातही जमतं: आयसोलेटच्या एका स्कूपमधून २५, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९, शंभर ग्रॅम चक्क्यातून ८-९, तीस ग्रॅम कच्च्या डाळीतून ७, वीस ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून १०. चक्का यासाठी की दही टांगून पाणी निथळलं की पाण्याबरोबर पुष्कळ लॅक्टोजही जातं. बिनसाखरेचा, वेलची घालून, श्रीखंड नव्हे. सोया वड्या गरम पाण्यात भिजवून पिळा, ते पाणी टाका, पुन्हा एकदा तेच करा. गॅस करणारी साखर त्या पाण्यात उतरते. उसळीला मोड आणले की तिचाही त्रास कमी होतो.

या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी बदलू नका. मग कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. पहिला आठवडा फक्त पावडर बदला. दुसऱ्या आठवड्यात गोडवा आणणारी द्रव्यं बंद. तिसऱ्यात दूध बंद करून फक्त चक्का आणि पातळ ताक. वहीत रोज तीनच गोष्टी: काय खाल्लं, पोट किती फुगलं (० ते १०), शौच कसं झालं. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि भांड्याला धरून राहणारं असेल तर वाट बघू नका. चरबी पचत नाहीये, आणि तो वेगळा तपास आहे.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुसरा संशय: लहान आतड्यात जिवाणूंची अवाजवी वाढ. बायपासमध्ये एक फाटा असा असतो की ज्यातून अन्न जातच नाही, आम्लही कमी, त्यामुळे तिथे जिवाणूंना थारा मिळतो. त्यात भर घालणारी एक नेहमीची चूक म्हणजे पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी गरजेपेक्षा जास्त काळ घेणं. टाक्यांजवळ व्रण होऊ नये म्हणून ते शस्त्रक्रियेनंतर काही महिने देतात, आणि ते योग्यच आहे. पण ‘बंद करा’ असं कुणी न सांगितल्याने वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या चिठ्ठ्या कमी नाहीत. मनाने थांबवू नका. सर्जनना थेट विचारा, ‘हे कधी बंद करायचं?’ डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा तंबाखू-मिश्री चालू असेल तर ते आधी सांगा, कारण मग व्रणाचा धोका वाढतो आणि उत्तर बदलतं.

या अवाजवी वाढीचा एक धागा तुमच्या जुन्या रक्ततपासणीतच सापडू शकतो. हे जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व खातात आणि फोलेट (फोलिक अ‍ॅसिडच्या जातीचं जीवनसत्त्व) तयार करतात. म्हणून बी-१२ खाली आणि फोलेट वर, अशी जोडी दिसली की संशय बळावतो. मात्र तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये फोलिक अ‍ॅसिड असणारच, त्यामुळे नुसतं फोलेट वाढलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. शिवाय शाकाहारी माणसाचं बी-१२ मुळातच कमी, त्यात बायपास, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही खाली ओढतं. कारण काहीही निघो, बी-१२ भरून काढायचंच: रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.

श्वासाची तपासणी सुचवली जाईल. ग्लुकोजचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. ९० मिनिटांत तो २० पीपीएमने (दहा लाखांत २० भागांनी) चढला तर तपासणी होकारार्थी धरतात. बायपास झालेल्यांच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम प्यायल्यावर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा ‘डम्पिंग’चा झटका येऊ शकतो. आणि अन्नाचा वेग वाढलेला असल्याने ग्लुकोज मोठ्या आतड्यापर्यंत पोचलं तर नसलेली वाढही ‘आहे’ असं दिसतं. म्हणून तपासणीच्या खोलीत शिरतानाच बायपास झाल्याचं सांगा, आणि निकाल तुमच्या सर्जननी किंवा पोटविकारतज्ज्ञांनी वाचू द्या. वाढ ठरलीच तर रिफॅक्सिमिनसारखं, आतड्यातच राहून काम करणारं प्रतिजैविक साधारण १०-१४ दिवस देतात. ते दुकानातून आपलं आपण आणायचं औषध नाही. तेच त्या दुसऱ्या गोळीचं: जरा जुलाब झाले की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी फोडायची आपल्याकडची रीत. खरोखर वस्ती उद्ध्वस्त करायची असेल तर ऑपरेशनपेक्षा ही सवय जास्त कामाची.

प्रोबायोटिकबद्दल. २००९ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या ४४ जणांवर एक चाचणी झाली. रोज २.४ अब्ज लॅक्टोबॅसिलस घेणाऱ्यांत जिवाणूंची अवाजवी वाढ कमी आणि बी-१२ चांगलं दिसलं. चाचणी लहान होती, आणि नंतरच्या अभ्यासांचं एकमत नाही. आमचं मत असं: घ्यायचंच असेल तर साधं, एकाच प्रजातीचं, ज्याच्या वेष्टनावर जिवाणूंची संख्या मुदत संपेपर्यंतची लिहिली आहे असं, चार आठवडे घ्या. वहीतल्या आकड्यांत फरक पडला नाही तर सोडा. अवाजवी वाढ असताना काहींचा गुबारा प्रोबायोटिकने वाढतोच, तेव्हा आठवड्यात बिघडलं तर तेव्हाच थांबवा. तीन महिन्यांचा संच आधीच पैसे भरून घेण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. घरच्या विरजणाचं ताक चांगलंच, पण त्यातले जिवाणू घराघरांत वेगळे. त्याला औषध समजू नका, अन्न समजा.

वस्ती सुधारायची खरी किल्ली तंतुमय अन्नात आहे, आणि बायपासनंतर पहिली कात्री तिलाच लागते. ‘आधी प्रथिन’ हा नियम बरोबर, पण चार घासांत पोट भरलं की भाजी ताटातच राहते. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तंतू मिळाले नाहीत की ते प्रथिनांवर आणि आतड्याच्या अस्तरावर हात मारतात. दुर्गंधीचं एक मूळ तिथेही आहे. सात महिने झाले म्हणजे तुम्हाला बहुतेक सगळं चालायला हवं. तीस ग्रॅम कच्च्या सालासकट मुगांत ५ ग्रॅम तंतू, ज्वारीच्या एका लहान भाकरीत ४, नाचणीच्या दोन मोठ्या चमचे पिठाच्या आंबिलीत २, जवसाच्या चटणीच्या एका मोठ्या चमच्यात अडीच. आत्ता बहुधा तुम्ही दहाच्या आसपास असाल. दर आठवड्याला ३-४ ग्रॅम वाढवत वीस-पंचविसापर्यंत जा. एकदम उडी मारलीत तर गॅस दुप्पट होईल आणि तुम्ही आम्हाला बोल लावाल. भाकरी ताजी, चुरून, वरणात मऊ करून. एक घास तोंडात पंचवीसदा तरी चावा.

काही तंतूंपासून मात्र लांब राहा. संत्र्या-मोसंबीच्या फोडीवरची पांढरी साल, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, जून गवारीचे दोरे यांचा गोळा होऊन पिशवी आणि आतडं यांच्या लहानशा जोडाशी अडकू शकतो. इसबगोल म्हणजे निरुपद्रवी, असा आपला समज. पण त्याला ग्लासभर पाणी लागतं आणि तुमच्या पिशवीत ते एका दमात मावत नाही. पाणी कमी पडलं की ते वाटेतच फुगून बसतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

आता हिरवा ज्यूस. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून बसते. एरवी हे कॅल्शियम पालेभाज्यांतल्या ऑक्झलेटला अडवून शौचावाटे बाहेर नेतं. आता ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात खडे करतं. बायपास झालेल्यांत मुतखड्याचा धोका त्यामुळेच वाढतो. पालकाच्या रोजच्या ज्यूसने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. ऑक्झलेट खाणारा एक जिवाणू आहे, ऑक्झॅलोबॅक्टर, पण त्याची खात्रीची गोळी अजून कुणाला जमलेली नाही. पालक, अळू, राजगिऱ्याची भाजी, बीट, बदाम हे रोज नको. आठवड्यातून एकदा, पालक उकडून पाणी फेकून. कॅल्शियम सायट्रेट ५०० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोन-तीनदा, जेवणासोबत घ्या, म्हणजे ते ऑक्झलेटलाही अडवेल. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी घोटघोट, जेवणानंतर अर्धा तास सोडून.

नणंदबाईंना सांगा, त्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. २०१३ मध्ये बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू, जिवाणूच नसलेल्या उंदरांत सोडले, तेव्हा त्यांचं वजन दोन आठवड्यांत सुमारे ५ टक्के घटलं. मोठी बातमी झाली. पण ज्यांची प्रत्यक्ष बायपास झाली होती, त्या उंदरांचं वजन याच्या कितीतरी पट उतरलं होतं. माणसांत फिनलंडमध्ये ४१ जणांवर चाचणी झाली: शस्त्रक्रियेआधी सडपातळ व्यक्तीच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडले. वजनात काही फरक पडला नाही, ना शस्त्रक्रियेआधी, ना नंतर. जिवाणू पित्ताम्लांचं रूप बदलतात, त्याचा भुकेच्या आणि साखरेच्या हार्मोनवर परिणाम होतो. हा शस्त्रक्रियेच्या परिणामातला एक वाटा आहे, सगळा परिणाम नव्हे. बीएमआय ३४ आणि मधुमेह असेल तर आपल्याकडच्या निकषांनुसार त्या शस्त्रक्रियेच्या विचाराला पात्र ठरतात. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करणारी शस्त्रक्रिया) की बायपास हे जिवाणूंच्या रिपोर्टावरून ठरवू नये. छातीत जळजळ किती, मधुमेह किती जुना, गोळ्या-जीवनसत्त्वं आयुष्यभर नेमाने घेणं जमणार का, यावर ठरतं.

काही लक्षणं मात्र ‘गॅसच असेल’ म्हणून अंगावर काढायची नाहीत. जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात पिळवटून दुखणं, विशेषतः ते पाठीत जात असेल तर, त्याच दिवशी बायपास करणाऱ्या रुग्णालयात जा. एवढं वजन उतरल्यावर आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही. सीटी स्कॅन लागतो. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल गेला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर शरीरातलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपलंय असं धरून चाला. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात सलाइन लावायला गेलात तर ग्लुकोजची बाटली चढवण्याआधी थायमिनचं इंजेक्शन मागून घ्या. आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पुढच्या तपासणीला जाताना तीन आठवड्यांची वही, पावडरचा रिकामा डबा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि बी-१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, पॅराथॉर्मोन (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) यांचे रिपोर्ट घेऊन जा. त्या रंगीत मायक्रोबायोम रिपोर्टाऐवजी आणखी एक कागद मागून घ्या: शस्त्रक्रियेची नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट. बायपास नेमकी कोणत्या प्रकारची, कोणता फाटा किती सेंटिमीटरचा ठेवला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर बहुधा नुसतं ‘बायपास’ एवढंच असतं.